डब्यातल्या दोन चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, आणि खरं सांगायचं तर गुडघ्यावर बसून देवालाही धड नाही. त्याला सगळं माहीतच आहे, असं म्हणून मी दर वेळी वेळ मारून नेली. इतकी वर्षं वेळ मारून नेता येते का? येते. सवय होते.

तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट कळलेलं नाही. तुम्ही समोर बसला आहात, असं मी धरून चालते. मध्येच उठून जावंसं वाटलं तर जा. मी तरी काय, अजून मुद्द्यावर येतेय कुठे.

आधी हे सांगते, की मला चीड येते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक वाक्य फार चालतं — देवाला विचारलं का? मुलाला इंजिनीअरिंगला घालायचंय, देवाला विचारलं का? बदलापूरला फ्लॅट घ्यायचाय, विचारलं का? आधी देवाला, मग माणसांना. सगळे मान डोलावतात. मीही डोलावते. आणि आतून असं वाटतं की खुर्ची मागे सारावी आणि सरळ चालू लागावं. वाक्य खोटं आहे म्हणून नव्हे हं. वाक्य खरंच आहे. माझ्या वडिलांचं तर ते आयुष्यच होतं. पण देवाला विचारणं आणि देवाचं उत्तर ऐकणं, यांच्यामध्ये कुणीतरी माणूस बसलेलं असतं, आणि ते माणूस काय करू शकतं हे मला माहीत आहे.

आमच्या घरी देवाला विचारायची एक पद्धत होती. पप्पा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर, मंडळीत पंच. मूळचे नगरकडचे. गाव सोडून मुंबईला यायचं की नाही, हे त्यांच्या वडिलांनी चिठ्ठी टाकून ठरवलं होतं, आणि मुंबईने आम्हाला जगवलं, म्हणून चिठ्ठीवर पप्पांचा भरवसा पक्का. कोणताही मोठा निर्णय आला की तीन दिवस सगळ्यांनी प्रार्थना करायची. मग रविवारी देवळातून — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो — आल्यावर, जेवणाआधी, दोन चिठ्ठ्या. एकीवर 'होय', एकीवर 'नाही'. मंडळीच्या जुन्या कॅलेंडरच्या पानाचे दोन सारखे तुकडे, सारख्या घड्या. पप्पांच्या टिफिनचा सगळ्यात वरचा डबा घ्यायचा, त्यात त्या टाकायच्या, हलवायच्या, सगळ्यांनी गुडघ्यावर यायचं, पप्पांनी प्रार्थना करायची, आणि आईने एक चिठ्ठी काढायची.

आणि राहिलेली चिठ्ठी? ती उघडायची नाही. हा पप्पांचा नियम. देव जे बोलला नाही ते वाचायचं नाही. ती तशीच सांडशीत धरून स्टोव्हवर जाळायची. ते काम अक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं. आणि चिठ्ठ्या लिहायचं काम माझं, कारण घरात अक्षर माझं चांगलं. दहा वर्षांची असल्यापासून मी लिहीत आले. स्वयंपाकघराच्या पडद्यामागे एकटीने जाऊन लिहायच्या, म्हणजे कुठली कुठली हे कुणाला कळणार नाही.

कन्नमवार नगरची खोली घ्यावी का — होय. शिलाई मशीन — होय. टीव्ही — नाही. आता टीव्हीला नाही म्हटल्यावर काय करणार? आम्ही दोघी बहिणी शेजारी परबांच्या दारात उभ्या राहून रविवारचा सिनेमा बघायचो. देवाने आमच्या टीव्हीला नाही म्हटलं होतं, परबांच्या नव्हे, असं मी म्हणायचे, आणि अक्का मला चिमटा काढायची.

परब वहिनी मालवणकडच्या. भाऊजी गिरणीत होते. संपाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती आणि ते आता भांडुपला एका गोडाऊनवर वॉचमनकी करत होते. वहिनींना आमच्या चिठ्ठ्यांचं कोण कौतुक. एकदा पप्पांच्या तोंडावरच म्हणाल्या, "आमच्याकडे देवाक कौल लावतत, तसाच ह्या. पण एक सांगू काय? कौल देवाचो, तरी पाकळी चिकटवता तो गुरव."

मूर्तीला चिकटवलेली कुठली पाकळी आधी पडते, त्यावरून तो कौल. पप्पांना ही तुलना आवडली नाही. हे तसं नाही म्हणाले, आणि अर्धा तास समजावत बसले. वहिनी हसत होत्या. मीही हसले. तेव्हा मी खरोखरच हसले होते. तोवर मी काही केलेलं नव्हतं.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. कांजुरमार्गच्या एका बालवाडीत शिकवायची. पोरं तिच्या पदराला लोंबकळत घरापर्यंत यायची. मग आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. कुणीतरी घरी राहायला हवं होतं. अक्काने नोकरी सोडली. गंमत बघा, त्या वेळी चिठ्ठी टाकली नाही. टाकायची कुणाला आठवणही झाली नाही. अक्का राहील, हे देवाला विचारण्यासारखं कुणाला वाटलंच नाही, तिलासुद्धा.

मी तेव्हा घाटकोपरला शॉर्टहँडच्या क्लासला जात होते. परीक्षा पास झाले आणि मला अंधेरीला नोकरी लागली, माल परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत. सकाळी घाटकोपरहून साकीनाक्यावरून जाणारी बस. माझं स्वतःचं टेबल. त्यावर विजेवर चालणारा टाइपरायटर, नुसतं बोट टेकवलं की अक्षर उमटायचं. दुपारी चार वाजता एक बाई ट्रेमधून चहा आणून द्यायची — मला! मी घरात कुणाच्या हातचा चहा बसल्या जागी प्यायले नव्हते. मला ती नोकरी इतकी आवडायची की रविवार नकोसा वाटायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. ते होतं, एवढंच.

मे महिन्यात मंडळीचं शिबिर असायचं. त्या वर्षी आईला परब वहिनींवर सोपवून अक्का दोन दिवस जाऊन आली. तिथे तिला वसंत भालेराव भेटले. नगरकडच्या एका मिशन शाळेत मास्तर होते. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, बाळही गेलेलं. वय छत्तीस-सदतीस. अक्का तीस पुरी. पावसाळा सरता सरता त्यांचं पप्पांना पत्र आलं. अक्षर साधं, मजकूर चार ओळींचा. मागणी घातली होती.

अक्काला विचारलं तर ती म्हणाली, देव सांगेल ते. पण मला दिसत होतं ना. ते पत्र तिने तांदळाच्या डब्यामागे ठेवलं होतं आणि तांदूळ काढायला ती हल्ली फार वेळ घ्यायची. आईला पुसून काढताना गीत गुणगुणायची. दोन वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता मला. झाला का? मी बसमध्ये बसून एकच गोष्ट घोळवत होते — ही गेली, की मी. आई माझ्यावर येणार. टेबल गेलं, टाइपरायटर गेला, चार वाजताचा चहा गेला. पप्पा मला विचारणारसुद्धा नाहीत. अक्काला तरी कुठे विचारलं होतं?

तीन दिवस प्रार्थना झाली. मीही गुडघ्यावर होते. काय मागितलं ते सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

रविवार आला. देवळातून आलो. मटणाचा रस्सा उकळत होता. पप्पांनी मला कॅलेंडरचं पान दिलं, मी पडद्यामागे गेले. ओट्यावर कागद ठेवून पानाचे दोन तुकडे ब्लेडने कापले. पहिल्यावर 'नाही' लिहिलं. दुसरा पुढे ओढला. मी काही गोंधळले नव्हते, मला घाई नव्हती, बाहेरून कुणी हाक मारत नव्हतं. आजही मी ते आठवून बघते — कुठे काही निसटतं का, हात घसरला असं म्हणता येईल का? येत नाही. दुसऱ्यावरही 'नाही' लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं.

झालं. हे ते. पण एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोललेही असते. पुढचं ऐका.

आईला उशीला टेकवून बसवलं होतं. डबा तिच्या मांडीवर. पप्पांनी प्रार्थना केली, डोळे घट्ट मिटून, मोठ्याने. आईने डाव्या हाताने, म्हणजे जो हलत होता त्याने, एक चिठ्ठी काढली. पप्पांनी उघडली, वाचली, आणि आम्हाला दाखवली. मग डबा अक्कापुढे केला. तिने राहिलेली चिठ्ठी उचलली. ती तिच्या मुठीत होती. सांडशी खिळ्याला अडकवलेली असायची, ती काढेपर्यंत चिठ्ठी तिच्या मुठीत होती. एक घडी उघडली असती तर? तिच्या मनात तसं आलंही नसेल. तिने ती सांडशीत धरली, स्टोव्हवर जाळली, राख मोरीत टाकली आणि म्हणाली, भात झालाय, ताटं घ्या.

पप्पांनी देवाचे आभार मानले. जेवणावरची प्रार्थना त्या दिवशी लांबली. मी रस्सा दोनदा वाढून घेतला.

आई जेवली नाही. तिच्या तोंडून शब्द कष्टाने निघायचे. त्या दिवशी संध्याकाळी ती आपल्या डाव्या हाताकडे बघत मला म्हणाली, "ह्याच हातानं." एवढंच. त्यानंतर पप्पांनी दोनदा तिच्यापुढे डबा धरला, दोन्ही वेळा तिने तो हात उजव्या निर्जीव हाताखाली सरकवून ठेवला. चिठ्ठी काढलीच नाही.

पप्पांनी मास्तरांना कळवलं. तीन आठवड्यांनी मास्तर स्वतः आले. सकाळच्या गाडीने येऊन, पत्ता विचारत विचारत. हातात शेंगांची पिशवी. बारीक माणूस, शर्टाची सगळ्यात वरची गुंडीसुद्धा लावलेली. सलाम करून खुर्चीच्या कडेवर बसले. पप्पांना मुलगी देणं जड जात असेल आईच्या आजारपणामुळे, असं त्यांनी स्वतःच ताडलं होतं. म्हणाले, आईंना आम्ही तिकडेच नेतो. शाळेला लागून मिशनचा दवाखाना आहे, डॉक्टरबाई ओळखीच्या आहेत, खालच्या मजल्यावरची खोली मिळते आहे. सगळं विचारून आले होते.

मी पडद्याशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ऐकताय ना तुम्ही? आईलासुद्धा ते नेणार होते. माझं टेबल कुठेही जाणार नव्हतं. ज्यासाठी मी ते केलं होतं ते कारणच उरलं नव्हतं. चार शब्द बोलायचे होते फक्त — पप्पा, चिठ्ठ्या मी चुकीच्या लिहिल्या. चुकीच्या, असंसुद्धा चाललं असतं. खोटं खोटं चुकून म्हटलं असतं तरी अक्काचं लग्न झालं असतं.

मास्तर म्हणाले, "देवाला आणखी एकदा विचारता येणार नाही का?"

पप्पा म्हणाले, "देव काय बहिरा आहे, मास्तर?"

मी ट्रे टेबलावर ठेवला. मास्तरांनी कप उचलला, माझ्याकडे बघून आभार मानले, आणि मी शेंगांची पिशवी उचलून आत गेले. आत अक्का ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती काही रडत नव्हती, पण तिने ओट्याची कडा दोन्ही हातांनी धरलेली होती. मी पिशवी तिच्या शेजारी ठेवली आणि कप विसळायला घेतले. उष्टा एकही कप नव्हता. स्वच्छच होते, तेच विसळले.

का नाही बोलले? पप्पांची भीती? पप्पांनी मला जन्मात कधी हात लावला नव्हता. लाज? असेल. मला वाटतं, मला माझं नाव जपायचं होतं. मंडळीत सगळे म्हणायचे, बेबी म्हणजे विश्वासू पोर, चिठ्ठ्या तीच लिहिते. बस, तेवढ्यासाठी. किती क्षुल्लक आहे बघा. मोठं काहीतरी असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आठवड्याभराने अक्काने विचारलं. एकदाच विचारलं. आम्ही गॅलरीत आईची लुगडी वाळत घालत होतो. ती दोरीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"बेबी, रागावू नको. दोन वेगवेगळ्याच लिहिल्या होत्यास ना?"

आणि मग काय झालं माहीत आहे? मला राग आला. खरा राग. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तो हाच. मी म्हणाले, "तू संशय कुणावर घेतेयस अक्का, माझ्यावर की देवावर? तुझ्या मनासारखं निघालं असतं तर विचारलं असतंस?"

ती पांढरी पडली. नाही गं, तसं नाही, असं म्हणाली. मी तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. मी तिला देवाबद्दल ऐकवलं. भरवसा म्हणजे काय, आपली इच्छा बाजूला ठेवणं म्हणजे काय, पप्पांना हे कळलं तर काय वाटेल. शिबिरात ऐकलेलं, रविवारच्या उपदेशात ऐकलेलं, सगळं तिच्यावर ओतलं. वयाने सात वर्षं लहान मी. ती ओलं लुगडं हातात धरून ऐकत राहिली. पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. शेवटी म्हणाली, "खरं आहे तुझं." आणि लुगडं पिळून दोरीवर टाकलं.

दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी मंडळीतल्या बायकांची प्रार्थना असायची. आई हलू शकत नव्हती म्हणून त्या महिन्यात प्रार्थना आमच्याकडे होती. मी ऑफिसातून लवकर निघून आले होते. खोलीभर सतरंजी, पंधरा-सोळा बायका, आई कॉटवर. गीतं झाली, शास्त्रवाचन झालं. मग कुणाला साक्ष द्यायची असेल तर उठावं, असं पाळकबाई म्हणाल्या. अक्का उठली. अक्का कधी उठायची नाही. चार लोकांत तिचा आवाज बसायचा.

तिने सगळं सांगितलं. स्थळ आलं होतं, आपल्या मनात होतं, देवाने नाही म्हटलं. इथपर्यंत बायकांना ठाऊकच होतं. मग ती म्हणाली, गुडघ्यावर असताना मी मनातून होय मागत होते. देवाची इच्छा मागायची सोडून माझी मागत होते. आणि उत्तर आल्यावर मी संशय घेतला. देवावर घेतला, आणि माझ्या धाकट्या बहिणीवरही घेतला. तिने मला ताळ्यावर आणलं. मी तुम्हा सगळ्यांपुढे देवाची क्षमा मागते. मग ती माझ्याकडे वळली — मी आईच्या कॉटला टेकून बसले होते — आणि हात जोडून म्हणाली, बेबी, तुझीही.

बायका डोळे पुसत होत्या. पाळकबाई म्हणाल्या, आमेन. एकेक करत सगळ्या म्हणाल्या, आमेन. मग सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या, कारण माझं राहिलं होतं.

मी म्हणाले. "आमेन."

आता कळलं तुम्हाला? चिठ्ठ्या नव्हेत. चिठ्ठ्यांचं मी कधीतरी कुठेतरी ओकून मोकळी झाले असते. पण तो आमेन घशाखाली उतरत नाही आणि बाहेरही येत नाही. ज्या बाईचं मी सगळं हिरावलं, तिने माझी माफी मागितली, आणि मी ती दिली. मोठ्या मनाने. वर घरी आलेल्या बायकांना चहा दिला.

पुढचं थोडक्यात सांगते. मास्तरांनी दुसऱ्या वर्षी लग्न केलं, मंडळीच्या मासिकात दोन ओळी आल्या होत्या. अक्काने ते मासिक वाचून घडी घालून ठेवलं. तांदळाच्या डब्यामागचं पत्र त्याच सुमारास नाहीसं झालं. आई आणखी दीड वर्ष जगली. म्हणजे अक्काने वाट पाहायला हवी होती ती फक्त दीड वर्ष, तीसुद्धा नाही, कारण मास्तर दोघींना न्यायला तयार होते. हे गणित मी किती वेळा मांडलं असेल, विचारू नका.

माझं लग्न ठरलं तेव्हा पप्पांनी चिठ्ठी टाकायचं काढलं. मी लिहिणार नाही म्हणाले. माझंच लग्न, मी कशी लिहू? सगळ्यांना ते पटलं, किती प्रामाणिक पोर. अक्काने लिहिल्या. पप्पांनी स्वतः काढली. 'होय' निघालं. आणि राहिलेली चिठ्ठी स्टोव्हवर जळताना मी बघत होते आणि माझ्या मनात आलं, हिने दोन्हीवर 'होय' तर लिहिलं नसेल? अक्काने! जिने मुठीतली घडी उलगडून पाहिली नाही, तिच्याबद्दल मला असं वाटलं. संसार चांगला झाला माझा, नवरा भला माणूस आहे. पण तो देवाने दिला, असं मला एक दिवसही निर्धास्तपणे म्हणता आलेलं नाही. लोक म्हणतात, भरवसा ठेवा. कुणावर ठेवू? विचारण्याची जागा मीच नासवून ठेवली.

देवावरही मी चिडले. खूप वर्षं चिडले. त्याला काय अशक्य होतं? कागद उडाला असता, पप्पांनी एकदा नियम मोडून दुसरी उघडली असती, आईने डबाच लोटून दिला असता. का गप्प बसला तो? मग भांडी घासताना, कपडे वाळत घालताना — कपडे वाळत घालताना विशेषच — स्वतःलाच उत्तर द्यावं लागायचं. दोन्ही कागदांवर मी 'नाही' लिहिलं होतं. त्याने बोलायचं कुठे? आणि तरी तो बोललाच होता, तीन आठवड्यांनी, शेंगांची पिशवी घेऊन आमच्या दारात येऊन. तेव्हा ट्रे माझ्या हातात होता.

पप्पा गेल्यावर खोली विकली आणि अक्का आमच्याकडे मुलुंडला आली. माझी दोन्ही मुलं तिने वाढवली. मी नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत केली. टेबल पुष्कळ मोठं झालं. अक्काचे गुडघे गेलेत. खाली बसता येत नाही, म्हणून सकाळी कॉटच्या कडेवर बसून प्रार्थना करते. भिंत पातळ आहे, ऐकू येतं. सगळ्यांची नावं घेते ती. माझं पहिलं. शेवटी कधी कधी अजूनही म्हणते, देवा, त्या वेळी मी संशय घेतला, मला क्षमा कर. इतक्या वर्षांनी. आणि मी भिंतीच्या अलीकडे दुधाचं पातेलं गॅसवर ठेवत असते.

तिला मी सांगितलेलं नाही. आजही नाही. उद्या सांगेन, असं इथे लिहिणं सोपं आहे. तसं मी पूर्वी वहीत दोनदा लिहिलंय, दोन्ही पानं फाडलीत.

गेल्या महिन्यात मंडळीच्या महिला सभेत बोलायला कुणीतरी हवं होतं. विषय होता, आयुष्यातले निर्णय आणि देवावरचा भरवसा. नावं निघत होती. अक्का खुर्चीतून म्हणाली, आमच्या बेबीला सांगा, लहानपणापासून तिचा विश्वास मोठा. मी नको नको म्हटलं. त्यालाही नम्रता समजले सगळे.

मी वीस मिनिटं बोलले. आधी देवाला विचारा, मग माणसांना, असं म्हणाले. पप्पांचा डबा सांगितला, कॅलेंडरचं पान सांगितलं, सांडशीसुद्धा सांगितली. लोकांना फार आवडलं. अक्का पहिल्या रांगेत बसली होती, काठी मांडीवर आडवी ठेवून, एकेका शब्दाला मान हलवत.

मी थांबले तेव्हा सगळ्यांत आधी आमेन म्हणाली ती अक्काच.